निषेधाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध मोहीम कशी चालवावी

निषेध करण्याच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या कायद्याला विरोध करायचे ठरले, की सर्वांत आधी त्या विधेयकाची मराठी प्रत मिळवावी, तिच्या पंचवीस-तीस झेरॉक्स काढाव्यात आणि ज्यांच्यावर तो कायदा उद्या लागू होऊ शकतो अशा माणसांना एकत्र बसवून ती मोठ्याने वाचावी. हे काम संथ वाटते आणि त्यात घोषणांचा जोश नसतो, पण मी पाहिलेल्या बहुतेक मोहिमा लंगड्या पडल्या त्या याच ठिकाणी. पोस्टर आधी छापले जाते, मोर्चाची तारीख आधी ठरते आणि मजकूर कोणीच वाचलेला नसतो. मग 'तुम्ही विधेयक वाचले आहे का?' असा एक साधा प्रश्न समोरून आला, की भाषण अडखळते.

पुढचे सर्व विवेचन मी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या आधारे करतो आहे, कारण आपल्या राज्यातला हा सर्वांत ताजा आणि सर्वांत शिकण्यासारखा अनुभव आहे. हे विधेयक जुलै २०२४ मध्ये पावसाळी अधिवेशनात प्रथम मांडले गेले, पण तेव्हा मंजूर झाले नाही. विधानसभा निवडणुकीनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे या समितीचे अध्यक्ष होते. समितीने १ एप्रिल २०२५ पर्यंत जनतेकडून हरकती व सूचना मागवल्या, बारा हजारांहून अधिक आल्या, आणि १० व ११ जुलै २०२५ रोजी अनुक्रमे विधानसभेने व विधान परिषदेने ते मंजूर केले. शहरी भागात पसरणाऱ्या नक्षलवादाला आळा घालणे हा आपला हेतू असल्याचे सरकारने सांगितले. हेतूवर वाद घालण्यात मोहिमेने शक्ती घालवू नये. हेतू भाषणात राहतो, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात कलमातला मजकूर चालतो.

वाचण्याची रीत

कोणतेही असे विधेयक हातात आले, की चार ठिकाणी खूण करावी. पहिले ठिकाण व्याख्यांचे. जनसुरक्षा विधेयकात 'बेकायदेशीर कृत्य' या शब्दांची व्याख्या आहे आणि तिच्यात हिंसा, तोडफोड यांच्या जोडीला सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करणारी किंवा तशी प्रवृत्ती असलेली कृती, कायद्याच्या अंमलात किंवा प्रस्थापित संस्थांच्या कामात अडथळा आणणारी कृती, इतकेच नव्हे तर प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा उपदेश करणे, हेही येते. यात केवळ बोलणे, लिहिणे किंवा खुणा-चित्रे यांद्वारे केलेल्या गोष्टीही गणल्या जातात. हिंसेविषयीच्या उपकलमाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. बोट ठेवायचे ते 'प्रवृत्ती', 'अडथळा' आणि 'अवज्ञा' या तीन शब्दांवर.

दुसरे ठिकाण म्हणजे निर्णय कोण घेणार. या विधेयकात एखादी संघटना बेकायदेशीर असल्याचे सरकार अधिसूचनेने जाहीर करू शकते आणि त्यावर सल्लागार मंडळ आपले मत देते. तिसरे ठिकाण शिक्षा व जामीन यांचे. बेकायदेशीर ठरलेल्या संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद, सदस्य नसलेल्या पण मदत किंवा वर्गणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, आणि बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, आणि हे सर्व गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र. चौथे ठिकाण मालमत्तेचे, म्हणजे कार्यालय, खोली, बँक खाते, संघटनेचा पैसा ताब्यात घेण्याच्या अधिकारांचे. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर चालणाऱ्या लहान संघटनेचे कंबरडे मोडायला हे एकच प्रकरण पुरेसे असते, तरी सभांमध्ये त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

मार्च २०२५ मध्ये एका तालुक्याच्या गावी, देवळाच्या सभामंडपात, आम्ही असे वाचन ठेवले होते. चाळीसेक जण होते. त्यांत आशा सेविका होत्या, दोन निवृत्त शिक्षक होते, ऊसतोड मजुरांचे मुकादम होते आणि कृषी केंद्राचा एक मालक होता. शिक्षकांपैकी एकजण उपकलम वाचत आणि थांबत, मग प्रत्येकाने सांगायचे की आपण गेल्या पाच वर्षांत केलेली कोणती गोष्ट यात बसू शकते. अडथळ्याच्या शब्दापाशी एक आशाताई म्हणाल्या, 'मानधनासाठी आम्ही तहसीलच्या दारात ठिय्या दिला तेव्हा साहेबांची गाडी दोन तास आतच अडकली होती. मग तो अडथळाच झाला की.' सभामंडपात क्षणभर कोणी काही बोलले नाही. मुकादमांनी मग कारखान्याच्या गेटवर रोखलेल्या गाड्यांची गोष्ट सांगितली, आणि शिक्षकांनी सांगितले की पाणीपट्टी भरू नका असे आवाहन त्यांनी स्वतः ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले होते. त्या दुपारी कोणालाही भाषण करावे लागले नाही. वहीत उपकलमांसमोर गावातल्या अकरा प्रसंगांची नोंद झाली, आणि आमच्या पुढच्या सर्व हरकती त्या वहीतून निघाल्या.

वाचन घेताना एक पथ्य पाळावे. ज्या उपकलमात गावातला कोणताच प्रसंग बसत नाही, त्याला ओढूनताणून बसवू नये. 'या कायद्याने उद्या सगळेच तुरुंगात जातील' असे सांगितले, की ऐकणारा एकदा घाबरतो आणि पुढच्या महिन्यात कोणीच तुरुंगात गेले नाही म्हणून आपल्यावर विश्वास ठेवायचे सोडतो.

हरकत कशी लिहावी

समितीने किंवा सरकारने हरकती मागवल्या असतील, तर ती मुदत म्हणजे संपूर्ण मोहिमेतला सर्वांत मोलाचा काळ होय. एकाच मसुद्याच्या हजार प्रतींवर हजार सह्या घेण्याची आपल्याकडे सवय आहे. माझ्या मते अशा हजार प्रतींचे वजन फार तर एका हरकतीइतके भरते, कारण वाचणारा अधिकारी पहिली वाचून बाकीच्या बाजूला ठेवतो. त्यापेक्षा पन्नास माणसांनी पन्नास वेगवेगळ्या हरकती लिहाव्यात. हरकत एका पानाची असावी. वर विधेयकाचे नाव व कलम, खाली त्या कलमातले नेमके आक्षेपार्ह शब्द, मग ते शब्द आपल्या कोणत्या शांततामय व कायदेशीर कृतीला लागू होऊ शकतात त्याचा एक खरा प्रसंग, आणि शेवटी काय बदल हवा ते स्पष्टपणे, म्हणजे 'हे उपकलम वगळावे' किंवा 'या शब्दांऐवजी हे शब्द घालावेत'. केवळ 'विधेयक रद्द करावे' असे लिहिलेल्या हरकतीला समितीच्या अहवालात जागा मिळत नाही. मूळ मागणी रद्द करण्याचीच असली तरी ती आधी नोंदवून, 'हे मान्य न झाल्यास' असे म्हणून दुरुस्त्या सुचवाव्यात. काही सहकाऱ्यांना ही तडजोड वाटते, मला वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

कायद्याचा आधार एखाद-दुसराच द्यावा, पण पक्का द्यावा. संघटनांवरील बंदीच्या बाबतीत सर्वांत उपयोगी निकाल म्हणजे १९५२ सालचा मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. राव हा होय. मद्रास सरकारने आपल्या समाधानावर विसंबून एक संस्था बेकायदेशीर ठरवली होती आणि सल्लागार मंडळ तिची छाननी करेल अशी तरतूद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कावरची बंधने अशा एकतर्फी, घाईच्या छाननीवर टिकू शकत नाहीत, त्यासाठी न्यायालयीन चौकशी हवी. तेव्हा सल्लागार मंडळाचा प्रश्न आज कोणी नव्याने काढलेला नाही, तो प्रजासत्ताकाच्या पहिल्या दोन वर्षांतच न्यायालयापुढे आला होता, हे हरकतीत दोन वाक्यांत सांगता येते.

हरकत टपालाने, ईमेलने आणि प्रत्यक्ष अशा तिन्ही मार्गांनी द्यावी आणि आवक कारकुनाकडून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. एका कार्यालयात आम्हाला 'पोच देत नाही, टेबलावर ठेवून जा' असे उत्तर मिळाले. तेव्हा वाद न घालता आम्ही जवळच्या टपाल कार्यालयातून त्याच प्रती पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवल्या आणि पावत्या वहीत चिकटवल्या. पुढे 'तुमची हरकत आलीच नाही' असे कोणी म्हणाले, तर उत्तर देणारा तो कागदच असतो.

या सर्वांचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. समितीने तीन लक्षणीय बदल केले. विधेयकाच्या उद्देशवाक्यातील 'व्यक्ती व संघटना' हे शब्द काढून तेथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाच्या रचनेत बदल होऊन अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश असतील असे ठरले, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्यात आला. हे बदल अपुरे आहेत, 'बेकायदेशीर कृत्या'ची ढगळ व्याख्या तशीच राहिली, आणि 'तत्सम' या एका शब्दात किती संघटना बसवता येतील याला सीमा नाही. तरीही तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करणार, हे ज्याला अटक होते त्याच्या दृष्टीने क्षुल्लक नसते, आणि असा बदल कलमवार हरकतींतून होतो, घोषणांतून होत नाही.

माहिती अधिकाराचा आधार

गावातल्या प्रसंगांना आकड्यांची जोड हवी. माहिती अधिकाराखाली जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे दोन साधे अर्ज करावेत. एकात गेल्या दोन वर्षांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली काढलेल्या मनाई आदेशांच्या, म्हणजे जमावबंदीच्या आदेशांच्या, प्रती मागाव्यात. दुसऱ्यात मोर्चा, धरणे व सभा यांसाठी आलेल्या अर्जांची, दिलेल्या परवानग्यांची आणि नाकारलेल्या परवानग्यांची संख्या मागावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून दोन्ही विषय एका अर्जात कोंबू नयेत. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते.

हे आदेश एकाखाली एक लावून पाहिले, की जमावबंदी जवळजवळ अखंड चालू असते हे अनेक जिल्ह्यांत दिसून येते. एक सण संपतो, दुसरी जयंती येते, आणि पंधरा दिवसांचा आदेश संपण्याआधी पुढचा निघतो. नव्या कायद्याची गरज आहे असे सांगणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्न यातून तयार होतो: हातात इतके अधिकार असताना आणखी कशासाठी? त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, ज्याला लोक अजून १४४ च म्हणतात, तडीपारीचे कलम ५६ आणि केंद्राचा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ यांची भर घालून पाहावी.

सोबत कोण असावे

असा कायदा ज्या गटाचे नाव घेऊन आणला जातो, त्या गटानेच केवळ विरोध केला तर मोहीम हरते. हे राज्यकर्त्यांना ठाऊक असते. म्हणून जे स्वतःला आंदोलक समजत नाहीत त्यांना आधी भेटावे: तालुका वकील संघ, पत्रकार संघ, वारकरी मंडळी, बाजार समितीतले हमाल-मापाडी, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी. परीक्षांच्या गोंधळावरून पुण्याच्या रस्त्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

या बाबतीत मुंबईचा जुना धडा मला नेहमी आठवतो. १९३८ साली बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले, ज्यात विशिष्ट परिस्थितीत संप करणे हा गुन्हा ठरणार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात त्याचा कडवा विरोध केला. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग, तो दिवाणी स्वरूपाचा प्रश्न आहे, त्याला फौजदारी गुन्हा करणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट यांच्यात तेव्हा तीव्र मतभेद होते, तरी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या कामगार संघटना यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही कायदा झाले. पण विधिमंडळातला कलमवार युक्तिवाद आणि गिरण्यांच्या दारातला संप हे एकाच मोहिमेचे दोन हात आहेत, ही पद्धत तिथे घडली.

जिंकलेल्या लढायाही आहेत. बिहारमध्ये १९८२ साली आणलेले वृत्तपत्रांवरील निर्बंधांचे विधेयक देशभरातल्या पत्रकारांच्या विरोधानंतर पुढच्या वर्षी मागे घ्यावे लागले. १९८८ सालचे बदनामीविषयक विधेयक लोकसभेत मंजूर झाल्यानंतरही प्रचंड बहुमताच्या सरकारला सोडून द्यावे लागले. केरळात नोव्हेंबर २०२० मध्ये पोलीस कायद्यात मानहानीकारक मजकुराबद्दल शिक्षा ठरवणारे ११८ अ हे कलम घालणारा अध्यादेश काही दिवसांतच मागे घेतला गेला, आणि तिथे सरकार डाव्या आघाडीचे होते व टीका त्यांच्या मित्रांकडूनही झाली होती. या तिसऱ्या उदाहरणाचा उल्लेख मी प्रत्येक सभेत करतो. आपल्या आवडत्या पक्षाच्या सरकारने असा कायदा आणला तर आपण काय करू, हे आज जाहीरपणे सांगितल्याशिवाय वकील संघ आणि व्यापारी आपल्यासोबत येत नाहीत, आणि न येण्यात त्यांचे चुकतही नाही.

ग्रामसभेचा ठराव हे आणखी एक साधन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा असतात. विषय आधी लेखी कळवून विषयपत्रिकेवर घ्यावा लागतो. अशा ठरावाने विधेयक थांबत नाही, पण मतदारसंघातल्या वीस गावांचे ठराव घेऊन गेल्यावर आमदाराच्या बोलण्यात फरक पडतो, हे मी पाहिले आहे.

आमदारांकडे कधी आणि कसे जावे

विधानसभेत जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाले आणि तेव्हा विरोध नोंदवणारे डहाणूचे विनोद निकोले हे एकटेच आमदार होते, हे मोहिमेतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. बाहेर विरोधाची भाषणे करणारे पक्ष सभागृहात त्या दिवशी गप्प राहिले. विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. यावरून माझा निष्कर्ष असा, की आमदाराला भेटून तोंडी आश्वासन घेण्याला काही अर्थ नाही. लेखी मागावे, आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तुम्ही कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवणार, चर्चेत बोलणार का, आणि मतविभाजनाची मागणी करणार का. मतविभाजन झाले तर कोणी कुठे मत दिले याची नोंद कायमची राहते. आवाजी मतदानात सर्वांची सुटका होते.

भेट अधिवेशनाच्या तीन-चार आठवडे आधी, मतदारसंघातच घ्यावी. अधिवेशन सुरू झाल्यावर विधान भवनाच्या आवारात होणाऱ्या भेटीत फोटो निघतो आणि निवेदन स्वीय सहायकाच्या पिशवीत जाते. शिष्टमंडळ पाच-सहा जणांचे असावे आणि त्यात त्या आमदाराला मत दिलेली किमान दोन माणसे असावीत.

रस्त्यावर उतरताना

संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात. बंधन आणि बंदी यांतला फरक हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या १९७२ च्या निकालात स्पष्ट झाला. तो नियमही मुंबई पोलीस अधिनियमाखालचाच होता, आणि आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे जुने नाव तेच. रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, पण परवानगी द्यायची की नाही याचा मोकाट अधिकार अधिकाऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. दुसऱ्या बाजूला २०२० च्या शाहीन बाग प्रकरणात त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही असेही सांगितले आहे. आपल्याला सोयीचा तेवढाच निकाल कार्यकर्त्यांना सांगू नये.

सर्वांत जवळचा निकाल मात्र बीड जिल्ह्यातल्या माजलगावचा आहे. नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरुद्ध तिथे धरणे धरायचे होते. प्रशासनाच्या मनाई आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला शांततेने विरोध करणाऱ्यांना केवळ त्या कारणाने देशद्रोही म्हणता येणार नाही असे सांगितले. या निकालाची प्रत परवानगीच्या अर्जाला जोडावी. अर्ज किमान आठ-दहा दिवस आधी द्यावा, त्यात ठिकाण, वेळ, अंदाजे संख्या, मार्ग, ध्वनिक्षेपक आणि स्वयंसेवकांची नावे लिहावीत, आणि नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा. लेखी नकार हातात असेल तरच उच्च न्यायालयात वेळेवर जाता येते. आदल्या रात्री फोनवर मिळालेला नकार न्यायालयात सिद्ध करता येत नाही.

गर्दीची काळजी हा मोहिमेचाच भाग समजावा. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती. तेव्हापासून मी कोणत्याही मोर्चात पाणी कुठे, बाहेर पडण्याची वाट कुठे आणि लहान मुलांसह आलेल्या बायका कुठे बसतील, हे ठरवल्याशिवाय पत्रक छापायला देऊ देत नाही. याउलट मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवावा. दहावीच्या विद्यार्थ्यांची परीक्षेची वाट अडू नये म्हणून दिवसभर चालून थकलेले, पायांना फोड आलेले शेतकरी रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेले, आणि सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन त्यांच्यासाठी उभे होते. निषेधाच्या हक्काचे याहून चांगले समर्थन कोणत्याही हरकतीत लिहिता येणार नाही.

अटक होऊ शकते हे गृहीत धरून प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठीवर वकिलाचा आणि घरच्यांचा क्रमांक असावा, कारण मोबाइल काढून घेतला जातो. अटकेचे कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणे ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे. वर्गणीचा प्रत्येक रुपया पावतीवर घ्यावा आणि हिशेब दर महिन्याला उघडपणे वाचून दाखवावा. पैशांवर बोट ठेवणाऱ्या कायद्याशी लढताना बेहिशेबी डबा चालत नाही.

विधेयक मंजूर झाल्यावर

सभागृहाबाहेर पेढे वाटले जातात त्या दिवशी बहुतेक मोहिमा घरी जातात. खरे तर तेव्हा बरेच काम उरलेले असते. अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात, म्हणून आपल्या कलमवार हरकतींची फाइल त्यांच्याकडे तत्काळ पाठवावी. कायद्याखालचे नियम आणि अधिसूचना राजपत्रात येतात. ते पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी आणि त्याने दर आठवड्याला 'काही नाही' असले तरी तसे कळवावे. उच्च न्यायालयात आव्हान द्यायचे झाल्यास याचिकेतला सर्वांत भक्कम भाग कोणता, तर मार्चमधल्या त्या वहीतल्या खऱ्या प्रसंगांचा आणि माहिती अधिकारातून आलेल्या मनाई आदेशांचा. वकील मुद्दे मांडतील, वस्तुस्थिती आपणच पुरवायची असते. पहिला गुन्हा कोणावर दाखल होतो, तो माणूस आपल्या संघटनेचा असो वा नसो, आपल्याला पटणारा असो वा नसो, त्याच्या जामिनाच्या सुनावणीला जाऊन बसावे.

असे कायदे कायम टिकतातच असे नाही. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत १९९५ मध्ये संपली आणि तो वाढवला गेला नाही, त्यानंतर आलेला तशाच स्वरूपाचा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवले. पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरासाठी झालेली अटक त्या याचिकेच्या मुळाशी होती. आणि तरीही त्यानंतर कित्येक वर्षे देशातल्या पोलीस ठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, इतके की २०२१ मध्ये न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावे लागले आणि २०२२ मध्ये तसे गुन्हे नोंदवू नयेत असा आदेश पुन्हा द्यावा लागला. म्हणून एखादे कलम रद्द झाले किंवा बदलले, की त्या निकालाची मराठी सारांशासह एक प्रत तालुक्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात नेऊन द्यावी, आणि तिथेही दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेऊन ती वहीत लावावी.